उर्फ

तिबिलिसी. भूकंप-केंद्राचा दुसरा मजला.
रात्रपाळीला नेस्तान एकटी,
पायाशी हीटर, पडद्यावर जमिनीच्या नाडीची
हिरवी रेघ, आज शहाण्यासारखी वागणारी.

ओतार निवृत्त होऊन काखेतीला गेला, द्राक्षांत.
जाताना कपाटाची किल्ली दिली
आणि एक फाईल, जिच्या नावाआधी टिंब.
बाळाच्या गालावर तीट लावावी तसं एवढंसं,
पण साधी यादी मागितली
तर त्या टिंबामुळे फाईल दिसतच नाही.
रोज शेल उघडताना मात्र
यंत्र आधी तीच वाचतं, मगच ‘बोला’ म्हणतं.

पहिले आठ दिवस नेस्तानने नावं ठेवली
ओतारने ठेवलेल्या नावांना.
हे काय, डिस्कवर जागा किती उरली
हे विचारायचं तर टाइप करायचं ‘पुरी’?
पुरी म्हणजे तिथला तंदुरातला पाव.
“घरात पाव किती उरलाय,” ओतार म्हणायचा,
“याहून वेगळं काय विचारतो माणूस?”
‘देदा’ म्हणजे आई:
कितीही खोल फोल्डरच्या तळातून
चार अक्षरांत घरी.

आणि ‘एलएस’ चुकून ‘एसएल’ पडलं तरी चालेल,
अशी एक ओळ.
वेल छाटताना कात्रीत सापडलेलं
उजव्या हाताचं ते बोट
कायम अर्धा क्षण उशिरा पोचायचं.
अनामिका.
जिला स्वतःला नाव नाही
तिच्या चुकीला त्याने रीतसर नाव दिलं,
आणि चूक कामाला लागली.

पुसून टाकायच्या हुकुमालाही त्याने लगाम घातलेला:
आधी विचार, खरंच पुसू?
“फारच घाई असेल,” तो म्हणाला होता,
“तर पुढे एक तिरकी रेघ ओढ.
टोपणनाव गळून पडतं,
मूळ नावाचा बाहेर येतो.
तो काही विचारत नाही. जपून.”

सहा वर्षं गेली.
परवा नवं यंत्र आलं, कोरं करकरीत.
नेस्तानने सवयीने टाइप केलं: पुरी.
असा हुकूम सापडला नाही.
देदा. सापडला नाही.
तिची बोटं हवेतच राहिली.
मूळ शब्द काही केल्या आठवेना,
जिन्यातले सगळे ज्याला ‘गोगिया’ म्हणतात
त्याच्या नावाचं रजिस्टर पत्र यावं
आणि पोस्टमनने दारोदार विचारत हिंडावं, तसं झालं.

सकाळी सहाला तिने फोन लावला.
ओतार मडकी धूत होता, पाण्याचा आवाज.
“मला काय विचारतेस? मीही वीस वर्षं पुरीच म्हणत आलोय.
जुन्या यंत्रालाच विचार ना, ‘टाइप पुरी’ म्हणून. ते सांगेल.”
मग यंदाच्या गारांबद्दल बोलला, बराच वेळ.
‘लिया’बद्दल विचारायचं तिच्या ओठांवर आलं होतं.
फाईलच्या तळाशी, दोन रिकाम्या ओळींनंतर,
एकटीच असलेली ती ओळ.
टाइप केलं की उत्तर एकच: असं फोल्डर नाही.
विचारलं नाही.

जुन्या यंत्राने सांगितलं: पुरी म्हणजे ‘डीएफ’,
एक आडवी रेघ, एक ‘एच’.
इतकंच. इतकं कोरडं.

तिने फाईल नव्या यंत्रावर नेली, अख्खी,
उशिरा येणाऱ्या अनामिकेसकट,
जरी तिची स्वतःची दहाही बोटं धड आहेत.
शेवटी स्वतःची पहिली ओळ घातली:
‘ओतार’ म्हणजे ‘टाइप’.
आता कुठल्याही नावाचं मूळ
ओतारलाच विचारायचं.

ओतार पुरी. सांगितलं.
ओतार देदा. सांगितलं.
हिरव्या रेघेकडे एकदा बघून घेतलं
आणि मग: ओतार लिया.

उत्तरात एक रस्ता आला, सात फोल्डर लांब,
तिरक्या रेघांनी जोडलेला.
शेवटच्या फोल्डरच्या नावात नुसती एक तारीख.
रविवार होता त्या दिवशी, तिने कॅलेंडर काढून पाहिलं.